अंतराळवीराची ‘स्नूपी’ टोपी धूत का नाहीत? आणि ट्रंकेतल्या फ्लाइंग हेल्मेटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अपोलो काळातली अंतराळवीराची कापडी टोपी संग्रहालयात काचेमागे, मंद उजेडात, डागांसकट ठेवलेली दिसते. हाताशी इतकी साधनं असताना ती स्वच्छ का करत नाहीत? त्याला जोडून दुसरा प्रश्न घरचा. आजोबांचं हवाई दलातलं चामड्याचं फ्लाइंग हेल्मेट, आत इयरफोन, कित्येक वर्षं ट्रंकेत पडलंय. ते साफ करून शोकेसमध्ये लावायचं आहे.

दोन्ही वस्तू एकाच कुळातल्या आहेत, त्यामुळे उत्तर एकत्रच देतो. ‘साफ कसं करू’ हा प्रश्न मात्र जरा बाजूला ठेवा. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: यातली कोणती घाण वस्तूची आहे आणि कोणती ट्रंकेची, आणि ही वस्तू मरणारच आहे, तर तिचं मरण किती लांबवता येईल. हो, मरणारच आहे. त्या टोपीतलं रबर, फोम आणि प्लॅस्टिक पन्नास वर्षं टिकावं म्हणून कुणी बनवलंच नव्हतं. आठ-दहा दिवसांच्या मोहिमेत दगा देऊ नये, एवढीच अपेक्षा होती.

आधी ती टोपी काय आहे ते बघू. अपोलोच्या आधीच्या जेमिनी मोहिमांपर्यंतच्या हेल्मेटमध्ये इयरफोन आणि माइक हेल्मेटच्याच आत बसवलेले असत, कारण मान वळली की हेल्मेटही वळायचं. अपोलोचं हेल्मेट म्हणजे पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक घुमट, गळ्याच्या कड्याला घट्ट बसवलेला. डोकं आत मोकळं फिरणार आणि घुमट जागचा हलणार नाही. मग माइक तोंडासमोर राहायचा कसा? म्हणून तो डोक्यावरच चढवला: हनुवटीखाली पट्टा असलेली कापडी टोपी, दोन्ही कानांवर इयरफोन, तोंडाशी दोन माइक, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू. मधला भाग पांढरा आणि कानांकडचा गडद तपकिरी, म्हणून कार्टूनमधल्या कुत्र्याच्या नावावरून ‘स्नूपी’ टोपी. सोयुझ यानात घालायच्या रशियन सोकोल पोशाखातही हेल्मेटच्या आत अशीच मऊ टोपी असते.

जतन करणाऱ्याच्या नजरेतून ही ‘टोपी’ नव्हेच. कापड, शिवणीचा दोरा, चामडं, फोम, रबर, तारेवरचं प्लॅस्टिक, तांबं, पितळ, कधी पोलाद, हे सगळे एका वाड्यात कोंबलेले भाडेकरू आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे गंधक घालून टिकाऊ केलेलं रबर गंधकाची संयुगं सोडतं, त्यानं तांबं आणि चांदी काळी पडते. पीव्हीसीतलं मऊपणा देणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर पाझरतं, प्लॅस्टिक चिकट होतं आणि शेजारच्या कापडावर तपकिरी डाग पडतो; पुढे त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लही सुटतं. अपोलो पोशाखांतल्या पीव्हीसीच्या नळ्यांनी संग्रहालयांना हाच त्रास दिलाय. पॉलियुरेथेन फोमचे दोन प्रकार: पॉलिएस्टर जातीचा फोम दमटपणानं फुटून चिकट होतो, पॉलिईथर जातीचा हवा-उजेडानं वाळून भुगा होतो. वीस-तीस वर्षांत दोघांचीही लक्षणं दिसू लागतात.

चामडं आणि पितळ यांची जोडी आपल्या स्वयंपाकघरातून ओळखीची आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, कारण ताकातलं आम्ल तांबं ओढून घेतं. तेच इथं. चामड्यातल्या चरबीची आम्लं पितळी बटणातलं तांबं ओढतात आणि बटणाभोवती हिरवा, मेणासारखा थर साचतो. आजोबांच्या हेल्मेटवर प्रेस-बटणांच्या कडेनं हिरवं काही दिसत असेल तर ती बुरशी नसून बहुधा हेच आहे. बुरशी पसरट आणि केसाळ असते. हा थर धातूला चिकटून असतो आणि टोकरला की मऊ गोळीसारखा निघतो.

आता डागांकडे. टोपीवरच्या डागांचे तीन वर्ग करावे लागतात. पहिला, वापरताना पडलेला: घाम, केसांचं तेल, हनुवटीच्या पट्ट्यावर दाढीच्या खुंटांनी झालेली घासण. दुसरा, वस्तूच्या स्वतःच्या पोटातून आलेला: पीव्हीसीचा चिकटा, गंज, हिरवा थर. तिसरा, नंतर बसलेला: कपाटातली धूळ, हाताळणाऱ्यांचे बोटांचे ठसे, कुणीतरी लावलेली चिकटपट्टी. तिसरा वर्ग काढायचा. दुसरा जिथे पुढे नुकसान करतोय तिथे काढायचा. पहिल्याला हात लावायचा नाही, किमान सरसकट नाही.

अडचण अशी की घाम हा पुरावाही आहे आणि विषही. त्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं, क्लोराइड धातू खातं, तेल वाळून कापड पिवळं करतं. मग धुवायला काय हरकत? हरकत अशी की पाणी एका भाडेकरूला बरं वाटतं आणि बाकीच्यांना मारतं. कापड धुतलं जाईल, पण चामडं आखडेल, तारांच्या टोकांना गंज चढेल, विरघळलेला घाम आतल्या थरांत जाऊन वाळताना नव्या जागी कड्यासारखा डाग उमटवेल. पाणी या टोपीचं जिवंतपणीही काय करतं ते 16 जुलै 2013 ला दिसलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये सुमारे दीड लिटर पाणी गळलं, ते आधी डोक्यामागे साचलं, टोपी भिजली आणि संपर्कात अडथळे येऊ लागले. अर्थात तो अपघात होता. आपण होऊन तो करायचं कारण नाही.

म्हणून संग्रहालयात घाम धुवायचा नसतो, त्याला ‘कोरडा’ ठेवायचा असतो. दमटपणा कमी ठेवला की मीठ ओलं होत नाही आणि ओलं झालं नाही की फारसं काही खात नाही.

अपोलोच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे: चंद्राची धूळ. वारा-पाऊस नसल्यानं तिच्या कणांच्या कडा झिजलेल्याच नाहीत. काचेच्या कपच्यांसारखी ती कापडात रुतते आणि घासलं की धागे कापते. टोपी हेल्मेटच्या आत असायची हे खरं, पण यानात परतून हेल्मेट काढलं की धूळ केबिनभर व्हायची. अपोलो 17 च्या हॅरिसन श्मिट यांना तर तिनं शिंका-सर्दीसारखा त्रास झाला. त्यामुळे अशा टोपीवरून व्हॅक्यूम फिरवणं म्हणजे नमुना फेकून देणं. कायद्यानंही ती धूळ वेगळी धरली आहे. 2012 च्या अमेरिकन कायद्यानं मर्क्युरी मोहिमांपासून अपोलो-सोयुझ मोहिमेपर्यंतच्या अंतराळवीरांना त्यांनी जवळ ठेवलेल्या वस्तूंची मालकी दिली, पण चंद्रावरचे दगड आणि माती त्यातून वगळली.

संग्रहालय प्रत्यक्षात करतं काय? अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे अंतराळपोशाख साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअस आणि 30 टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. रबर आणि फोमसाठी हे उत्तम. चामड्याला इतका कोरडेपणा सोसत नाही, त्याला 45 ते 55 टक्के बरे. फार कोरडं झालं की ते कडक होतं, शिवणीशी तडकतं. टोपीत दोन्ही असतील तर कुणाची बाजू घ्यायची? इथे ठाम आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. फोम आधीच संपला असेल तर चामड्याची बाजू घ्या. फोम-रबर अजून जिवंत असेल आणि चामडं थोडंच असेल तर 35 ते 40 वर तडजोड. मात्र जो आकडा धराल तो हलू देऊ नका. दिवसा एसी आणि रात्री बंद, यापेक्षा एसी नसलेला बरा, कारण प्रत्येक थर आपापल्या मापानं फुगतो-आखडतो आणि सांधे उसवतात.

मंद उजेडाचं कारण आकड्यांत सांगतो. कापड आणि रंगवलेल्या चामड्यासाठी प्रदर्शनातली मर्यादा 50 लक्स धरतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 1,20,000 लक्स-तास. भर दुपारचं थेट ऊन सुमारे 1,00,000 लक्स असतं. म्हणजे ‘जरा ऊन दाखवू’ म्हणून गच्चीत सव्वा तास ठेवलेल्या वस्तूनं संग्रहालयातलं एक वर्ष खर्च केलं, आणि वर अतिनील किरण मिळाले ते वेगळेच. उजेडाचं नुकसान भरून येत नाही, साचत जातं. म्हणून अशा वस्तू काही काळ मांडतात आणि पुन्हा अंधारात नेतात. आत काय बिघडलंय हे बघायलाही उसवत नाहीत; एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. आर्मस्ट्राँगच्या पोशाखाचंही तसंच केलं होतं.

आता तुमचं हेल्मेट. आधी तीन गोष्टी तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इयरकपमधला फोम किंवा रबर कसं आहे: मऊ, चिकट की भुगा? चामडं बोटाला लाल-तपकिरी पूड लावतं का? आणि कुठे जिवंत कीड किंवा ताजी बुरशी आहे का? लाल पूड सुटत असेल तर चामडं आम्लानं सडलेलं आहे. ते घरी सुधारत नाही, फक्त हाताळणी कमी करायची.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरा. नायट्रिलचे हातमोजे घाला; सुती मोजे नकोत, त्यांचे धागे बटणांत अडकतात आणि घाम आरपार जातो. काहीही करण्याआधी फोटो काढा: चारी बाजूंनी, आतून, प्रत्येक शिक्क्याचा आणि क्रमांकाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. टॉर्च बाजूनं तिरका मारला की पुसट शिक्केही उठून दिसतात. हेल्मेट डोक्यावर घालून बघायचा मोह होईल. घालू नका. आखडलेला हनुवटीचा पट्टा एकदाच वाकतो, दुसऱ्यांदा तुटतो.

धूळ काढायला मऊ केसांचा नवा मेकअप ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडनं बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा, नळी वस्तूपासून सेंटिमीटरभर लांब धरा आणि ब्रशनं धूळ तिच्याकडे ढकला. नळी वस्तूला टेकवायची नाही. जाळीवर अडकलेला सुटा धागा किंवा चामड्याचा कपटा फेकू नका. झिपच्या छोट्या पिशवीत ठेवून वर तारीख आणि जागा लिहा. हिरवा थर बांबूच्या दातकोरणीनं, कोरडाच, भिंगाखाली टोकरायचा. लिंबू, चिंच, ब्रासो यांपैकी काहीही नाही.

चिकट फोमला पुसायला जाऊ नका, बोटाला जितका येतो त्याच्या दुप्पट आत पसरतो. त्याच्या आणि चामड्याच्या मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर कापून ठेवा. भुगा झालेल्या फोमची पूड मास्क लावूनच गोळा करा. इयरफोन ‘चालतात का बघू’ म्हणून तारेला करंट देऊ नका. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या तारेचं वेष्टण वाकवलं तरी फुटतं.

मग आधार. वस्तू पोकळ असेल तर तिच्या आकाराचं डोकं करावं लागतं. पॅकिंगला येतो तो पांढरा ईपीई फोम थर लावून कोरा, वर पॉलिएस्टरचं भरण आणि सगळ्यावर मांजरपाट. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढायची, नाहीतर कसर खळीसाठी येईल आणि हेल्मेट खाऊन जाईल. डोक्याचा घेर हेल्मेटच्या आतल्या घेरापेक्षा एक-दीड सेंटिमीटर कमी ठेवा. हेल्मेट टेकलेलं असावं, ताणलेलं नको. इयरकपच्या जागी खळगा सोडा. पट्ट्याखाली आम्लमुक्त कागदाची गुंडाळी. तारांवर पीव्हीसीचं वेष्टण असेल तर तेवढ्या जागी ईपीई फोम थेट लागू देऊ नका, तो पाझरणारं तेल शोषत राहतो आणि तार अधिकच कडक होते. मध्ये पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा पुरे.

पेटी आम्लमुक्त पुठ्ठ्याची मिळाली तर छान. नसेल तर पॉलिप्रॉपिलीनचा डबा, ज्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा असतो. झाकण घट्ट हवाबंद नको: आतून निघणारं आम्ल आतच कोंडलं तर ते स्वतःलाच खातं. प्लायवूडचं शोकेस मी टाळेन, त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटते. पोलादी कपाट, घराच्या आतल्या भिंतीला, मधला कप्पा. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. नॅप्थॅलिनची वाफ प्लॅस्टिक आणि लाखेसारखी द्रव्यं मऊ करते. कडुनिंबाचा पाला वस्तूला लागून ठेवला तर डागच पडतात.

राहिला पावसाळा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये आर्द्रता 80 च्या वर असते, आणि 65 च्या वर सलग राहिली की बुरशी धरतेच. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक डब्यात ठेवा. पंचवीसेक लिटरच्या डब्याला दोनशे ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, वस्तूला न लागता. नारिंगी-हिरवं घ्या, जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं संयुग असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास, गार झालं की परत. डबा हवाबंद नसल्यानं पावसात हे आठवड्या-पंधरवड्यानं करावं लागेल आणि उन्हाळ्यात बहुधा लागणारच नाही. मापक 35 च्या खाली दाखवू लागला तर जेल काढून घ्या, तुमची वस्तू चामड्याची आहे.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायची नाही, आत चोळली जाते. आधी दोन-तीन दिवस कोरड्या हवेत, सावलीत. बुरशी वाळून पूड झाली की घराबाहेर, एन-95 मास्क लावून ब्रशनं. कीड असेल तर कापडी वस्तू पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस थांबतात. रबर आणि जुनं प्लॅस्टिक असलेल्या हेल्मेटला मात्र ते आपण होऊन करू नका, थंडीनं तडकू शकतं. पिशवीत वेगळं काढून तज्ज्ञाला विचारा. खोबरेल, ग्लिसरीन, बूट पॉलिश हे तर कोणत्याच अवस्थेत नाही. चामडं दोन दिवस तुकतुकीत दिसतं, मग तेल वाळून धूळ धरतं आणि पितळेचं कळकणं दुप्पट होतं.

एवढ्या खटाटोपात लोक जे विसरतात ते कागद. अपोलो 11 मध्ये चंद्राच्या मातीचा पहिला नमुना ज्या पिशवीत परत आला, ती क्रमांकांच्या गोंधळात अपोलो 17 ची समजली गेली आणि 2015 च्या सरकारी लिलावात 995 डॉलरला विकली गेली. खरी ओळख पटल्यावर कोर्टकज्जे झाले आणि 2017 मध्ये तिला 18 लाख डॉलर आले. पिशवी तीच होती. उलट बाजूनं, आर्मस्ट्राँग यांच्या निधनानंतर घरातल्या कपाटात एक पांढरी कापडी थैली सापडली. त्यात चंद्रावर उतरलेल्या यानाच्या खिडकीतला कॅमेरा आणि कमरेचा आधारपट्टा होता. प्रत्येक नगावरचे क्रमांक मोहिमेच्या सामानयाद्यांशी ताडून पाहता आले, म्हणून ते काय आहे हे खात्रीनं सांगता आलं.

म्हणून हेल्मेटमधली मळकी चिठ्ठी, शाईचा शिक्का, शिवलेला मापाचा तुकडा यातलं काहीही काढू नका. आजोबांचा सेवा क्रमांक, तुकडी, साल, हेल्मेट घरात कधी आलं, कुणी सांगितलं, हे पेन्सिलनं आम्लमुक्त कागदावर लिहून डब्यात ठेवा. ऐकीव आणि कागदोपत्री वेगवेगळं लिहा. वस्तूला खूण हवीच असेल तर सुती फितीवर क्रमांक लिहून फीत अस्तराच्या कापडाला दोन सैल टाक्यांनी शिवा, सुई विणीच्या भोकातून घालून. चामड्यात सुई घालायची नाही, ते भोक बुजत नाही.

फोम चिकट असेल किंवा चामड्याची लाल पूड सुटत असेल तर साफसफाईला हात न लावता थांबा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल. त्यांना फोटोंबरोबर तीन गोष्टी कळवा: फोमची अवस्था, आजवर त्यावर काय काय लावलं, आणि ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ‘हो’ असतं. तसं असेल तर आजच हेल्मेट ट्रंकेतून काढून मांजरपाटावर, पंख्याखाली, सावलीत आठवडाभर उघडं ठेवा. वास जायला तेवढे दिवस लागतात.